सिरिलचं दशक

सिरिल ट्रंक घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा चर्चची सातची घंटा वाजत होती आणि आई आल्तारापुढे चटई अंथरत होती. आल्तार म्हणजे काही मोठं प्रकरण नव्हे. भिंतीत ठोकलेली फळी, तिच्यावर मारियामातेची हातभर उंचीची मूर्ती, दोन मेणबत्त्या आणि बांच्या शिलाईतून उरलेल्या कापडाची झालर. आईनं सिरिलकडे पाहिलं, मग ट्रंकेकडे. फादर व्हायला सेमिनरीत गेलेली मुलं सुट्टीवर येतात ती पिशवी घेऊन. ट्रंक घेऊन येतो तो परत न जाण्यासाठी, हे वसईच्या आमच्या पट्ट्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

"पाय धू," आई म्हणाली. "रोझरी सुरू होतेय."

बस, एवढंच. 'का आलास' नाही, 'कुणी काढलं का' नाही, काही नाही. ओटीवर बा मशीन चालवत होते, त्यांचा पाय पायट्यावरच थांबला. त्यांनी सुई वर घेतली, कापड घडी करून ठेवलं आणि रोजच्यासारखे आत येऊन आपल्या जागेवर बसले. सिरिलकडे त्यांनी पाहिलंच नाही.

घरात आम्ही आमची सामवेदी बोली बोलायचो. ती जशीच्या तशी लिहिली तर निम्म्या लोकांना कळायची नाही, आणि कळली तर हसू येईल, म्हणून सगळ्यांची बोलणी मी साध्या मराठीत सांगते.

बा म्हणजे आमचे वडील, इनास शिंपी. गावातल्या लग्नांचे कोट, पोरांचे गणवेश आणि चर्चमधल्या फादरांचे पांढरे झगे त्यांच्याच मशीनवर शिवले जात. आई रेमेत. बांची थोरली विधवा बहीण, आमची नातलआत्या, आमच्याकडेच असायची. तिला ऐकू कमी यायचं, पण ते ती कबूल करत नसे. सिरिल थोरला, आणि मी फिलोमीना, तेव्हा नववीत. घरातली माणसं पाच आणि रोझरीतली दशकंही पाच, त्यामुळे प्रत्येकाचं एक दशक ठरलेलं होतं. दशकाच्या आरंभी एकदा 'आमच्या बापा' म्हणायचं आणि मग दहा वेळा 'नमो मारिया', शेवटी गौरवाची प्रार्थना. दशक घेणारा प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग म्हणतो, बाकीचे उरलेला अर्धा म्हणून त्याला उत्तर देतात. पहिलं दशक बांचं, दुसरं आईचं, तिसरं आत्याचं, चौथं सिरिलचं, शेवटचं माझं. ते झाल्याशिवाय आमच्याकडे ताट वाढलं जात नसे. पाहुणा असो, ताप असो, परीक्षा असो, आईपुढे कुणाचं काही चालायचं नाही.

सिरिल सेमिनरीत गेल्यापासून चौथं दशक आईच घ्यायची. त्या संध्याकाळी आत्याचं तिसरं संपलं आणि आई गप्प बसून राहिली. मेणबत्त्या जळत होत्या. सिरिलनं ओळखलं काय ते, आणि त्यानं हलक्या आवाजात 'आमच्या बापा' सुरू केलं. आम्ही उत्तर दिलं. आईचा आवाज, माझा आवाज, आणि सगळ्यांच्या मागून येणारा आत्याचा. बांचा आवाज आलाच नाही. बांचा आवाज भरदार होता, घरातल्या प्रार्थनेला त्याच्यामुळेच तोल असायचा. लग्नाच्या बँडमधला मोठा ढोल एकदम बंद पडावा तसं झालं. सिरिलही अडखळला. त्याच्या हातात जपमाळ नव्हती. ती त्यानं इस्पितळातल्या कुणा म्हाताऱ्याला देऊन टाकली होती. तो बोटांवर मोजत होता. शेवटी त्यानं दशक संपवून गौरवाची प्रार्थना म्हटली, तेव्हा माझ्या माळेचा एक मणी उरला होता. नऊच झाले होते.

मी तोंड उघडलं, तशी आईनं माझ्या गुडघ्यावर हात दाबला. मी माझं दशक सुरू केलं. आत्याचा तो राहिलेला मणी मात्र माझ्या दशकात घुसला आणि पुढचा सगळा वेळ ती एका मण्यानं मागे राहिली.

रोझरी संपली की आम्ही मुलं मोठ्यांपुढे गुडघे टेकून आशीर्वाद मागायचो आणि ते डोक्यावर हात ठेवायचे. त्या दिवशी सिरिल बांकडे वळण्याआधीच बा उठले आणि ओटीवर गेले. अंधारात मशीनचा आवाज सुरू झाला. दिव्याशिवाय काय शिवत होते देव जाणे.

जेवताना सिरिलनं सांगून टाकलं. कुणी काढलं नव्हतं त्याला. तोच सेमिनरीच्या रेक्टरांकडे गेला होता. मला देवाचं पाचारण नाही, मी खूप शोधलं, मला खोटं फादर व्हायचं नाही, असं तो खाली मान घालून म्हणाला. आईनं त्याच्या ताटात आमटी वाढली. बांनी अर्ध्या भाकरीवरच हात धुतले.

बांचं दुःख मला तेव्हा अहंकार वाटलं होतं. थोडा तो होताही. मुलगा सेमिनरीत गेल्यापासून गाव त्यांना 'फादरचा बा' म्हणायला लागलं होतं. लग्नकार्यात त्यांना पुढची खुर्ची मिळायची, गिऱ्हाईक भावावरून घासाघीस करत नसे. शिवाय मुंबईहून आणलेलं पांढरंशुभ्र कापड कपाटात होतं. सिरिलच्या पहिल्या झग्यासाठी ते त्यांनी आधीच बेतून ठेवलं होतं, पोरगा आणखी किती भरेल याचा अंदाज बांधून. बाहेरच्या पोरांचे झगे शिवून शिवून ज्याची बोटं झिजली, त्याला आपल्या पोराचा एक शिवायचा होता. यात त्याचं चुकलं काय, असं आता मला वाटतं.

चर्चचे फादर एकदा समजूत घालायला आले. चहा घेत म्हणाले, इनास, जबरदस्तीनं झगा घालणाऱ्यापेक्षा खरं बोलून परत आलेला बरा. बांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "फादर, तुमचं खरं आहे. पण माझं माप चुकलं आणि कापड कापून बसलो, त्याला मी काय करू?"

आठवडे गेले. घरात बांचा आवाज सगळ्यांशी होता, फक्त सिरिलशी नव्हता. मीठ हवं असेल तर ते मला सांगायचे आणि मीठ सिरिलच्या हाताशी असायचं. सिरिल पहाटे उठून वाडीतल्या तळ्यातून, बावखलातून, पाणी काढून केळी शिंपायचा, आत्याला चर्चमध्ये मिसेला न्यायचा, मला गणित शिकवायचा. आणि रोज संध्याकाळी बांच्या पहिल्या दशकाला तो दहाच्या दहा उत्तरं द्यायचा, न चुकता. त्याच्या चौथ्याला बा माळ हातात धरून, नजर त्याच्यावर रोखून बसायचे. ओठ मिटलेले. आणि सिरिलचे रोज नऊच व्हायचे.

मी एकदा आईला विहिरीवर गाठलं. म्हटलं, तो रोज एक खातोय, मी सांगते त्याला. निदान कपाटातली जास्तीची माळ तरी दे.

"ती माळ मी लपवून ठेवलीय," आई म्हणाली. "आणि तू काही बोलायचं नाहीस."

"पण देवाला एक कमी पडतो की."

"देवाला काही कमी पडत नाही गं. ज्याला कमी पडेल तो बोलेल."

मग तू बांना का सांगत नाहीस, दोघांना समोरासमोर बसवून का बोलत नाहीस, असं मी विचारलं. शेजारणी तिला हेच विचारायच्या. त्यातल्या दोघीतिघींनी तर नवसही सुचवले होते. आईनं कळशी कमरेवर घेतली.

"भांडण झालं म्हणून मी चूल बंद ठेवते का? वेळ झाली की पेटवायची. ज्याला भूक लागेल तो येईल पानावर. तसंच हे. माझं काम वेळेला चटई अंथरायचं. समेट करणारी मी कोण?"

मला तिचा राग आला. आमचं घर फाटत चाललं होतं आणि ही चटई अंथरत होती.

सप्टेंबर सरत आला तेव्हा मस्कतहून मामाचं बोलावणं आलं. तिथल्या एका गोदामात सिरिलसाठी जागा होती, कागद तयार होते, ऑक्टोबरच्या शेवटी निघायचं होतं. आई खूश झाली. मीही झाले. मग एका दुपारी केळीच्या वाडीत सिरिल मला म्हणाला ते ऐकलं आणि माझी खुशी मावळली.

"मी गेलो की परत येणार नाही, फिलू. पैसे पाठवीन, तुझं लग्न करीन. पण या घरात नाही येणार. प्रार्थनेतसुद्धा ज्याचा बाप त्याला उत्तर देत नाही, त्यानं कशाला यायचं?"

पानं कापायला आई पलीकडे आली होती. तिनं ऐकलं. त्या संध्याकाळी मेणबत्ती पेटवताना तिच्या हातून दोन काड्या विझल्या. मला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली. आईला घाबरलेली मी पाहिली नव्हती.

ऑक्टोबर हा आमच्याकडे रोझरीचा महिना. मारियामातेची मूर्ती आळीत घरोघरी फिरते, रोज एका घरी सगळी आळी जमते, घरातली माणसं दशकं घेतात आणि आळी उत्तर देते. मग उकडलेले चणे आणि चहा. आमच्या घरची पाळी आली ती सिरिलच्या निघण्याच्या आठवड्यात. आईनं घर सारवून घेतलं, अंगणात पताका लावल्या. बांनी मूर्तीसाठी निळ्या रेशमाचा नवा पदर शिवला. पण सिरिलनं आईला सांगून ठेवलं, आज माझं दशक तू घे. बांचं मौन आळीसमोर नको. आई म्हणाली, "ज्याचं दशक त्यानंच घ्यायचं. मी कुणाचं घेत नाही आता."

संध्याकाळी ओटी, खोली, अंगण माणसांनी भरलं. अगदी पुढे दुमिंगकाका बसले. त्यांचाही मुलगा सेमिनरीत होता आणि सिरिल परतल्यापासून त्यांची मान जरा जास्तच ताठ झाली होती. महिन्याभरापूर्वीच ते बांना म्हणाले होते, इनास, ते झग्याचं कापड पडून असेल तर आमच्या पोराच्या अंगाला होईल बघ. त्यानंतर बांनी शिवलेली दुमिंगकाकांची पँट बोटभर आखूड झाली, ती चुकून झाली असं बा शपथेवर सांगत.

बांनी पहिलं दशक घेतलं. आळीच्या उत्तरानं घर भरून गेलं. आईचं झालं, आत्याचं झालं. आत्यानं ते उत्तराची वाट न बघता आपल्याच वेगानं उरकलं आणि लोक मागे धावले. मग सिरिल.

त्याचा आवाज पहिल्या दोनतीन वेळा कापला, नंतर स्थिरावला. चांगला आवाज होता त्याचा, बांवरच गेलेला. आळी जीव लावून उत्तर देत होती. मी बांकडे बघत होते. माळ बोटांत, ओठ मिटलेले, नजर सिरिलच्या हातांवर. मी मनात म्हणत होते, एकदा तरी बोला बा, परवा तो जाणार आहे. आणि ते बोलत नव्हते.

नववं झालं. सिरिलनं श्वास घेतला आणि गौरवाची प्रार्थना सुरू केली. खोलीत चुळबूळ झाली. सगळ्यांच्या हातात माळा होत्या, सगळ्यांचा एकेक मणी उरला होता. काही जणांनी गौरवाला उत्तर दिलं, काही गप्प राहिले. सिरिल थांबला. त्याला कळेना काय झालं. मागून कुणीतरी फिसकन हसलं आणि दुमिंगकाका शेजाऱ्याच्या कानाशी लागून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पाच वर्षं सेमिनरीत राहून दहा मोजायला नाही शिकला."

सिरिलचा चेहरा उतरला. तो उठून जाणार, हे मला त्याच्या खांद्यांवरून कळलं. आणि तो त्या खोलीतून गेला असता तर घरातूनच गेला असता.

"थांब," बा म्हणाले.

"एक राहिलाय, सिरिल. घे."

दोन महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी त्याचं नाव घेतलं होतं. सिरिल त्यांच्याकडे बघतच राहिला. बांनी घाई केली नाही. माळेचा तो एक मणी चिमटीत धरून ते थांबले, आणि ते थांबले म्हणून सगळी आळी थांबली. शेवटी सिरिलनं दहावं म्हटलं. उत्तर द्यायला सगळी आळी बसली होती, पण दिलं ते एकट्या बांनी. मोठ्यानं, एकेक शब्द सावकाश, अगदी शेवटच्या आमेनपर्यंत. आई पदरात तोंड लपवून रडत होती. मी उघड रडत होते. आत्यानं मला कोपरानं ढोसलं आणि विचारलं, तुझं दशक कधी सुरू करणार आहेस?

प्रार्थना संपली. बा उठले नाहीत. सिरिल त्यांच्यापुढे गुडघे टेकून वाकला आणि त्यांनी डोक्यावर हात ठेवला, तो बराच वेळ काढलाच नाही.

"बोटावर मोजतोस," ते खालच्या आवाजात म्हणाले. "अंगठा 'आमच्या बापा'ला घालवतोस. मग मारियेला बोटं उरतात नऊ. गाढवा, एवढं कळत नाही?" आणि त्यांनी आपली माळ त्याच्या हातात कोंबली.

एवढा वेळ डोळे लावून ते त्याच्या बोटांकडे बघत होते, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. पण मी नववीतली पोर. मला वाटलं, शिंपी माणूस, एक टाका कमी पडलेला त्यांना बघवत नाही, म्हणून बोलले. आईचं म्हणणं खरं झालं, ज्याला कमी पडेल तो बोलेल. एवढाच अर्थ घेऊन मी कितीतरी वर्षं ही गोष्ट सगळ्यांना हसत हसत सांगत आले.

सिरिल ठरल्या दिवशी गेला. झग्याच्या कापडाचे बांनी त्याला दोन शर्ट शिवले, माप न घेता, आणि ते अंगाला बरोबर बसले. विमानतळावर आम्ही सगळे टेम्पोतून गेलो, आत्यासुद्धा. तो दर नाताळला घरी यायचा. लग्न त्यानं आमच्याच चर्चमध्ये केलं, मुलांची नावं बांना विचारून ठेवली. फादर झाला नाही, पण त्याच्या मस्कतच्या खोलीत संध्याकाळी आसपासची मुलं रोझरीला जमायची, असं मामा सांगायचा.

यंदा उन्हाळ्यात मी माहेरी होते. बा आता थकलेत. मशीनवर बसतात, पण सुईत दोरा ओवायला कुणीतरी लागतं. मी ओवून देत होते. आत आई चटई अंथरत होती. मी सहज त्या ऑक्टोबरचा विषय काढला आणि चिडवायला म्हटलं, बा, दुमिंगकाका बोलले नसते तर तुम्ही त्या दिवशीही गप्पच बसला असता.

"बसलो असतो," बा म्हणाले. "घरात कमी पडलं तर आपण भरून काढतो. पण चारचौघांत माझ्या पोराला कुणी हसावं, हे मी कसं बघू?"

मी विचारलं, भरून काढतो म्हणजे?

त्यांनी चष्मा काढून पुसला.

"नऊच होतात हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. सांगितलं असतं तर त्यानं सुधारलं असतं. मग माझ्यापाशी काय उरलं असतं? त्याच्याशी बोलायला मला तोंड नव्हतं, फिलू. आपणच आपलं शिवून घेतलं होतं. तो गौरवाची म्हणायला लागला की तो राहिलेला एक मी मनात म्हणायचो. रोज. आधी त्याचा अर्धा, मग माझा अर्धा."

माझ्या हातातली सुई तशीच राहिली. त्यांनी ती घेतली, मशीनला लावली आणि आईची हाक आल्यावर भिंतीला धरत आत गेले.